हातचा

कोकोच्या गोदामात मी रात्रपाळीचा मोजणीदार.
आत किती पोती, बाहेर किती,
उंदरांच्या नावावर किती.
आज त्याच तक्त्याच्या कोऱ्या पाठीवर
मुलीची तीन वर्षं मांडून बसलोय.

बेदियाको मिस्तरीची फी: साडेतीन हजार सेडी.
अर्धी आधी, उरलेली सावकाश,
सावकाश म्हणजे दर महिन्याला फाटकाशी खाकरणं.
जिनच्या दोन बाटल्या, रीत म्हणून.
एक मी स्वस्तातली आणली होती.
त्याने बूच हुंगलं आणि काही बोलला नाही.
ते न बोलणं कुठल्या रकान्यात लिहू?
काळ्या काचेचा टोप. बूट. हातमोजे,
तेही पुरुषी मापाचे,
कारण सुआमेच्या अख्ख्या लोखंडबाजारात
दुसरं माप कुणी मागितलेलंच नाही.
जायला ट्रोट्रो, यायला ट्रोट्रो,
आठवड्याचे सहा दिवस.

शिवाय, जे आता मिळणार नाही ते.
दुफीच्या बहिणीच्या कापडदुकानात
पोकुआला रोजचे चाळीस सुटायचे,
पंख्याखाली, बसून, नखं शाबूत ठेवून,
आणि ते दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर.
चाळीस गुणिले सव्वीस गुणिले छत्तीस.
गुणाकार केला, पुसला, परत केला.
पोत्यांचंही असंच.
तिसऱ्यांदा मोजली म्हणून वाढत नाहीत.

आता जमेची बाजू.
लोखंडी फाटकं, सिंहाच्या तोंडासकट.
टाक्यांचे चौथरे. लाकडाच्या ट्रकचे मोडके सांगाडे.
मिस्तरी म्हणतो, माझ्याकडून निघालेली पोरं
महिन्याला दोन हजार पाडतात.
कोण पोरं, विचारलं
तर एकाचं नाव घेतो.
दर वेळी त्याच एकाचं.
स्वतःचं मशीन घ्यायचं तर वेगळं कर्ज,
आणि वीज गेली की ते मशीन म्हणजे महागडं स्टूल.
शेवटी सुटकेचा दिवस: डोक्यावर पावडर, पाव्हण्यांना पेयं,
मिस्तरीला पुन्हा पाकीट.
शिकायला पैसे,
शिकून झालं म्हणायलाही पैसे.

दुफी रताळ्यासारखे लांब याम सोलत विचारते,
"मुद्दल तरी सुटेल का?"
सुटेल. आठव्या वर्षी.
म्हणजे पोकुआ सत्तावीस वर्षांची होईल तेव्हा,
मध्ये काहीच बिघडलं नाही तर.
काहीच न बिघडलेलं वर्ष
मी अजून पाहिलेलं नाही,
हे मी तिला सांगत नाही. तिनेही पाहिलेलं नाही.

पोकुआ उशिरा आली. डोळे लाल,
वाळू गेल्यासारखे चोळत.
थंड पाण्याची घडी एका डोळ्यावर,
दुसऱ्याने माझा कागद वाचला.
पेन्सिल उचलली.
"पापा, इथे हातचा विसरलात."
एक हजाराने खर्च वाढला.
माझ्याकडे बघून हसली,
जणू काही ते पैसे मला सापडलेत,
आणि जेवायला बसली.
अंगठ्याच्या बुडाशी नवा फोड.
भाजलं का, म्हणालो. "कालचं आहे ते."

सगळी झोपल्यावर
दुफीची तळणाची शेगडी मी उलटी केली.
महिनाभर विटेवर टेकवलेला मोडका पाय
पोकुआने रविवारी घरी येऊन जोडला होता,
मिस्तरीचं मशीन हातगाडीवर ढकलत आणून.
बोट फिरवलं.
सुरुवातीला गोळे, भोकं, थुंकल्यासारखं लोखंड.
मग जरा सरळ.
मग कडेला घालतात तशी बारीक एकसारखी मुरड,
शेवटपर्यंत.
वीतभर अंतर असेल.
त्या विताच्या या टोकाला तिला येत नव्हतं.

उद्या दुसरा हप्ता.
पाकिटात दोनशे कमी आहेत,
गोदामाचा भोंगाही झालाय,
आणि मी अजून तसाच उकिडवा.

"काय शोधताय शेगडीखाली?"
दुफी झोपेतच.
काही नाही, म्हटलं. हातचा.