एक बाइट जास्तीची

पहिल्यांदा घर तिरकं आलं.
खिडकी, दार, दांडीवर वाळत घातलेले कॉड मासे,
तीन मुलं, सगळं डावीकडे कललेलं,
आणि गालांवर हिरव्या-जांभळ्या रेघांचं
बारीक विणकाम.

चूक माझीच.
फोटोची रुंदी चौदाशे सतरा ठिपके,
ठिपक्याला तीन बाइट, लाल हिरवा निळा,
म्हणजे ओळीला चार हजार दोनशे एक्कावन्न.
त्याला चारानं भाग जात नाही.
म्हणून लायब्ररी दर ओळीच्या शेवटी
एक बाइट जास्तीची ठेवते,
न येणाऱ्या पाहुण्यासाठी मांडलेल्या पानासारखी.
मी ते पान मोजलंच नव्हतं.

वार्डोमध्ये नोव्हेंबरअखेर सूर्य येत नाही.
भर दुपारी संग्रहालयाच्या काचेबाहेर
जो काही उजेड असतो, त्याची किंमत
दोनशे पंचावन्नपैकी चाळीस, फार तर पन्नास.
एलर्ट आला तेव्हा तेवढाच होता.
वय एक्क्याण्णव, बुटांना बर्फाचे खिळे,
ते काढायला त्याला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला.

त्याच्या आईचा फोटो. कुणीतरी हातानं रंग भरलेला.
मधल्या मुलीच्या चेहऱ्यावरून, कपाळापासून जबड्यापर्यंत,
एक ओरखडा.
मी म्हटलं, बघा आता.
आधी एकेका ठिपक्याला नाव घेऊन हाक मारली होती,
वीस लाख वेळा दार ठोठावणं ते,
प्रोग्रामची खिडकी गोठून बसली
बाहेरच्या खिडकीसारखीच.
मग थेट ओळीच्या पहिल्या बाइटवर बोट ठेवलं
आणि धावत सुटले.
जखमेतला प्रत्येक ठिपका
शेजाऱ्यांना विचारून भरायचा:
तू किती लाल, तू किती, तू?
त्यातला मधला आकडा घ्यायचा.

अर्ध्या सेकंदात ओरखडा गेला.

एलर्ट चष्मा वर करून पडद्याजवळ गेला.
"ही कोण?"
मी म्हटलं, तुमची बहीण.
"तुर्फ्रिडच्या गालाला असं लोणी नव्हतं कधी,"
तो म्हणाला, आणि जरा वेळानं,
"ते खिळ्यानं मी केलंय.
स्कीज तिला मिळाल्या होत्या. मला नाही."

हीटरचा आवाज.
"माराबिराचं सोडा. आई बोलली नाही
चार दिवस. तुर्फ्रिड बोलली.
पुसू नका ते."

पुसलं नव्हतंच.
प्रतिमेची नक्कल केली की ती लगेच वेगळी होत नाही,
दोघी एकाच जागेतले आकडे वाटून खातात,
कुणी एकीच्या एका ठिपक्याला
हात लावेपर्यंत. तेव्हा कुठे घर वेगळं होतं.
मी हात नकलेला लावला होता.
मूळ फोटो मागे तसाच,
ओरखड्यासकट.

तो उघडून दाखवला. बराच वेळ बघत राहिला.
मग डावीकडचा मुलगा दाखवून म्हणाला, "हा मी. पुसट आलोय."
हललात तुम्ही. ते नाही दुरुस्त होत,
तिथे आकडेच नाहीत.
"हललोच असणार," तो म्हणाला, खूश होऊन.

निघताना त्याला खालच्या पट्टीत
सकाळची खिडकी दिसली, मी बंद करायची विसरलेली:
कललेलं घर, कललेले मासे,
विणलेल्या गालांची मुलं.

"हे कुठून आणलंत?"
चुकून झालंय, मी म्हटलं, प्रत्येक ओळीत एक बाइट...
"नाही नाही," तो म्हणाला. "असंच होतं.
वायव्येचा वारा सुटला की
असंच दिसायचं आमचं घर.
हे छापून द्या."

छोटं दिसत होतं ते, पूर्ण मापाचं हवं होतं.
मग कोडमधली ती ओळ शोधली,
सकाळभर खपून नीट केलेली,
आणि मुद्दाम परत चुकवली.

प्रिंटर हळू. कागद बाहेर येईपर्यंत
आम्ही दोघं तिथे उभे,
माना उजवीकडे कलवून.