पंधरा मिनिटांचा थांबा

दर दुसऱ्या गुरुवारी माझी पुस्तकांची बस
केमियार्वीच्या पुढे, दुधाच्या कॅनच्या जुन्या ओट्यापाशी थांबते.
पंधरा मिनिटं. इंजिन चालूच ठेवते,
उणे तीसला त्याचा भरवसा नाही.

तौनो बूट दारातच काढतो.
नको म्हणून थकले. मोज्यांवर फिरतो.
चाळीस वर्षं त्यानं रस्त्यावरचं बर्फ ढकललं;
पुस्तकं निवडायची ती हिल्का.
तिला जाऊन एक हिवाळा झाला,
आणि नातवंडं औलूहून शनिवारी यायची आहेत.

खालच्या फळीपुढे तो फतकल मारतो.
आधी शेवटचं पान, मग पहिलं,
यंत्र उघडण्याआधी स्क्रू मोजून घ्यावेत तसं.
"यात कुणी मरतं का?"
कोल्हा.
ठेवून देतो.
"यात?"
कुणी नाही. कुत्रा हरवतो.
"सापडतो?"
बाविसाव्या पानावर.
"तोवर ओन्नी रडून घर डोक्यावर घेईल. चार वर्षांचा आहे."
ठेवून देतो.
एक नको, त्यात अक्षरं फार.
हे तो हळू बोलतो, खिडकीकडे बघत.
एक नको, त्यातली गाडी बर्फ चुकीच्या बाजूला टाकते:
"काढणाऱ्यानं रस्ता पाहिलेला नाही."

एक मात्र हातातच राहतं.
मुखपृष्ठावर अस्वलांची आजी, विणकाम घेऊन.
पुढे काय होतं ते मी सांगत नाही,
तो विचारत नाही.
अठरा मिनिटं झाली.
"हे दे. आणि एक क्लिप दे."
अकरावं-बारावं पान तो माझ्यासमोरच
मिटवून टाकतो, पाकीट बंद करावं तसं.

महिन्यानं पुस्तक परत आलं.
क्लिप जागेवर होती, पण उलटी,
आणि आत, अकराव्या पानावर,
ब्लूबेरीत बुडालेला एक इवलासा अंगठा.

"ईरिसनं पहिल्याच रात्री काढली," तो म्हणाला.
मग?
"मग काय. वाचलं. ओन्नीनं विचारलं,
ही झोपली की मेली?
मी म्हटलं, मेली.
म्हणाला, बरं, पुढचं पान."
आणि क्लिप?
"तिनंच लावली परत. म्हणे,
हे पान आलं की आजोबांना खोकला येतो."

बूट काढून तो केव्हाच खाली बसला होता.
"ते कुत्र्याचं," फळीत डोकं घालून म्हणाला,
"कितव्या पानावर सापडतो म्हणालीस?"