चांदरी

पस्तीस वर्षं मी लोकांचे वण पुसले.
बिंदू चौकाजवळच्या स्टुडिओत, वरच्या माडीवर,
निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं
देवीचे वण, नवरीच्या डोळ्यांखालची जागरणं,
एकदा तर एका पैलवानाचा मोडलेला कान.
दुसऱ्या दिवशी भांडायलाच आला,
"कान कुठाय माझा? आठ वर्षं घासलाय मातीत."

पुढं स्टुडिओ गेला.
तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

भाचीनं, ऋजुतानं, फोनात ॲप घालून दिलं.
"मामा, इकडं ओढलं की अंधार, तिकडं ओढलं की उजेड."
एवढंच?
ज्यासाठी लाल दिव्याखाली
तळहाताची खोपी करून श्वास धरायचो
ते अंगठ्याखाली नुसतं सरकतं.
आणि चुकलं तर मागं जाता येतं.
मागं जाता येतं, याचंच पहिले काही दिवस
रडू यायचं मला. उगाच.

मग पहाटे गंगावेशीत उभा राहू लागलो.
पितळी चरवी, फेस, गुडघ्यात दाबलेला पेला,
धार काढणाऱ्याची पाठ,
म्हशीच्या नाकपुडीतली वाफ.
शंभरातले नव्याण्णव पुसायचे,
एक घरी नेऊन
रात्री अंथरुणात बोटानं घोटायचा.

दसरा चौकातला हॉल तीन दिवस घेतला.
चौदा फोटो, काचेच्या फ्रेमा, भाडं पेन्शनीतनं.
बघणारे आले. हात मागं बांधून
एकच विचारत होते, "कॅमेरा कुठला?"
मी खिशातनं फोन काढून दाखवायचो,
कोपऱ्यात तडा गेलेला.
तोंडं पडायची त्यांची.

शेवटच्या दिवशी सांजच्याला
दत्तोबा शेळके आला. धारवाला.
पायातलं दाराशी काढून, देवळात यावं तसा.
स्वतःची पाठ सोडून म्हशीपाशीच थांबला.
"चांदरीच की ही. श्रावणात गेली."
जरा वेळानं,
"पर कपाळ मळवलंईसा तिचं."

खरं होतं.
कपाळावरचं पांढरं डोळ्यात खुपत होतं,
मीच अंगठ्यानं ओढून करडं केलं होतं.
चांगलं दिसावं म्हणून.
पस्तीस वर्षांची खोड.
मागं जाता येतं, म्हणणार होतो.
पण भिंतीवर कागद होता.

त्यानं स्वतःचा फोन काढला,
दोन पावलं मागं सरला,
फ्लॅश बंद करायचं काय त्याला ठाऊक नव्हतं.
लख्ख.

"आता आली बघा," म्हणाला
आणि फोन माझ्यापुढं धरला.
काचेवर फुटलेला उजेड
नेमका चांदरीच्या कपाळावर,
पांढरा, जळलेला, सगळ्या नियमांबाहेरचा.
आणि खाली काचेतच, तिच्या खुरांपाशी,
हात मागं बांधलेला मी.