गंगावेशीत, साडेनऊला

साडेनऊ ठरलं होतं.
मी आठलाच आलो, भीतीनं.
वैजयंता दहाला आली, गाडी कुठं लावली ते विसरून.
शिरीन उद्याचं समजून घरीच आडवी झालेली;
पद्मजानं फोन लावला तशी
गाऊनवर ओढणी टाकून रिक्षानं आली,
हसत. पूर्वी रडली असती.

दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या.
बाप्यांच्या घोळक्यात आम्ही चार बायका.
त्यातली पतसंस्थेतली कॅशियर ती मी:
आजवर एका रुपयाची चूक नाही,
घरचा गॅस मात्र दोनदा चालू ठेवून आलोय.

त्रेचाळीसाव्या वर्षी कळलं मला,
राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंकडं,
लेकाच्या फायलीमागोमाग.
प्रश्न त्याच्याबद्दल होते,
उत्तरं माझ्या पोटातनं उठत होती.
ए, डी, एच, डी. चारच अक्षरं.
त्याआधी वेंधळी, धांदरट,
"लक्ष कुठंय गं भवाने,"
आणि ओट्यावरनं ओघळणाऱ्या दुधाकडं बघत
सासूबाईंचं रोजचं,
"गेलं का आजबी?"

बी.कॉम.ला पुण्यात होतो.
तिथल्या पोरी हसायच्या,
बाई असून 'आलो', 'गेलो' काय!
मग शिकलो. आले. गेले. जेवले.
प्रत्येक वाक्याआधी जीभ चाचपायची,
पर्समधली किल्ली चाचपावी तशी.
नुसतं बोलून दमायचो.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
इतकी वर्षं लपवून दमला असाल.
तेव्हा मला पुणं आठवलं.

परवा साहेबांना सरळ सांगितलं,
तोंडी कामं सांगू नका, चिठ्ठी द्या,
माझं डोकं असं असं आहे.
टेबलाखाली पाय लटपटत होते.
"चिठ्ठी तर चिठ्ठी," म्हणाले,
आणि चहा मागवला.
एवढंच होतं होय?
वीस वर्षं.

पद्मजानं अजून घरी सांगितलेलं नाही.
गोळ्या मिठाच्या बरणीमागं असतात.
आम्ही तिला काही म्हणत नाही.

गवळ्यानं गलास पुढं केला.
धारोष्ण. फेस काठाच्या वर चढलेला,
कडेवरनं माझ्या बोटांवर उतरलेला.
चौघी बघतच राहिलो.
"घ्या की वहिनी, सांडायला लागलंय."
"सांडू दे," शिरीन म्हणाली.

ओठांवर पांढऱ्या मिश्या घेऊन
मग निघालो आम्ही
वैजयंताची गाडी हुडकायला.