गणपूर्ती

घटनेत अकरा हवेत.
आलो आम्ही सात,
त्यातले लिमये अहवालावर चष्मा ठेवून
दरवर्षीसारखे झोपलेले.

साडेपाचला अध्यक्ष खांबेटे उठले, म्हणाले,
गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
सहा वाजले की हीच सभा
ह्याच जागी, ह्याच सातांत
कायदेशीर होईल.
गेली एकोणीस वर्षं आम्ही असेच
अर्धा तास थांबून
पुरेसे होत आलोय.

खजिना विहिरीच्या मागची गल्ली, पहिला मजला,
बावीस पायऱ्या, लिफ्ट नाही.
दारावर पाटी:
रुग्णोपयोगी साहित्य मिळेल. पाच ते सात.
अनामत परत हवी असल्यास पावती आणावी.
पावती हरवल्यास कारणे सांगू नयेत.
अक्षर माझं.
मी खजिनदार. बँकेत होतो,
पाच पैशांचा फरक सापडेपर्यंत
कधी घरी गेलो नाही.

हर्डीकरबाईंनी चिवड्याच्या बश्या मांडल्या.
तेवढ्यात जिन्यात धाप ऐकू आली,
मग बाई.
हातात आमचीच नोटीस, घामानं मऊ झालेली.
"मीटिंग हितंच ना?"

यमुना खंडागळे, दांडेकर पूल.
खुर्ची नेताना पन्नास रुपये घेऊन
आम्ही प्रत्येकाला सभासद करतो.
अहवालात बरं दिसतं: एकूण सभासद बाराशे चार.
कुणी येईल असं नोटीस काढताना
मनातही नव्हतं.

"पोरीनं वाचून दाखवलं," ती म्हणाली, "पान नऊ."
पान नऊ मला पाठ आहे.
चाकाची खुर्ची क्रमांक चोवीस,
नादुरुस्त, निर्लेखित,
भंगारापोटी जमा रुपये एकशेऐंशी.

"चोवीसवर तर आमचे मालक बसलेत.
अडीच वर्षं झाली.
ते भंगारात गेले का काय?"

कुणी हसलं नाही.
लिमये जागे झाले.
खांबेटे म्हणाले, नोंदीत काही चूक असेल,
ऐनवेळच्या विषयात घेऊ.

चूक नव्हती.
त्या मार्चला मोजणीत तीन खुर्च्या कमी भरल्या,
नेल्या कुणी, रजिस्टरात पान सापडेना,
आणि ऑडिटर दारात.
मी तिन्ही भंगारात दाखवल्या
आणि तिन्हींचे एकशेऐंशी
माझ्या खिशातून भरले.
चोरी केली नाही हो. उलट पैसे घातले.
ताळा जुळला.
खाली माझी सही, तिच्याखाली शिक्का,
आणि धर्मादाय कार्यालयात पोचपावती.
दाणी मंडळींनी पत्र पाठवलं होतं:
असा चोख हिशेब हल्ली दिसत नाही.

मी तिच्यामागून जिना उतरलो.
गुडघा दुखतो, कठडा धरून,
आणि पहिल्यांदाच पायऱ्या मोजल्या.
बावीस म्हणत आलो होतो,
तेवीस आहेत.

खाली, स्कूटरांच्या मधल्या जागेत,
ते बसले होते.
पाठीमागे पिवळ्या ऑइलपेंटनं चोवीस,
चाराचा पाय ओघळलेला.
तोही माझाच हात.
शेजारी वॉकर धरून एक म्हातारे,
आणि कॅलिपर घातलेली एक मुलगी
भिंतीला टेकून नोटीस वाचत होती,
सर्व सभासदांनी अगत्याने उपस्थित राहावे,
हे वाक्य बोटानं परत परत.

वर सात.
मी मनात बेरीज केली,
सवयच ती,
आणि दोनदा करून पाहिली.

खिडकीतून हाक आली:
खजिनदार, सहा वाजले! चला, सुरू करू!
इतिवृत्ताची वही माझ्या काखेत होती.
सभा कुठे भरली, ती ओळ
गेल्या वर्षीच्या ओळीवरून मी सकाळीच
उतरवून ठेवली होती.

"साहेब," चोवीस म्हणाले,
हळू, जणू तक्रार नको दिसायला,
"डाव्या चाकात हवा टिकत नाही.
ते कुठं लिहायचं?"

मी टोपण काढलं.
मग वर बघून ओरडलो, खांबेटे,
खाली या.
चिवडा पण आणा.