एक कुलूप उरलं

लोकांची दिवाळी, आमचं शटडाऊन.
भोसरीच्या फोर्ज शॉपमध्ये पाच दिवस
हॅमर गप्प, भट्टी गार,
पत्र्यावरच्या साळुंक्या एरवी ऐकू येत नाहीत.

माझ्याकडे तक्ता: एकशे चाळीस कामं, तासातासाच्या पट्ट्या.
तीन महिने पेन्सिलीनं खोडून खोडून केलेला.
बेअरिंग ट्रकमध्ये अडकलं सोलापूरला,
क्रेनवाला भाऊबीजेची सुट्टी मागत राहिला,
आणि विटांचे मिस्त्री सोपान गव्हाणे म्हणाले,
"मॅडम, भट्टीला कुठं वाचता येतो तुमचा कागद?
ती तिच्या मनानं गार होणार."
सात तास तिथंच गेले.

पाचव्या पहाटे सगळं जुळलं.
फळ्यावरची दहा कुलुपं निघाली.
अकरावं लटकतच होतं, लाल.
चिठ्ठी: रज्जाक तांबोळी, फिटर, दुसरी पाळी.

फोन बंद.
साहेब म्हणाले, कटर आणा.
मी म्हटलं, आधी माणूस.
टॉर्च घेऊन खड्डा पाहिला, डक्ट पाहिली,
हॅमरच्या पोटात वाकून
त्याच्या नावानं हाक मारली.
आमचाच आवाज परत आला, तेलकट.

दापोडीत सापडला, गाढ झोपेत.
दोन पाळ्या सलग केल्या होत्या त्यानं,
माझ्याच तक्त्याप्रमाणे.
किल्ली डब्यात, चटणीच्या वाटीशेजारी.

उशीर: दोन तास दहा मिनिटं.
कारणाच्या रकान्यात
पेन्सिल बराच वेळ टेकवून ठेवली.
मग लिहिलं,
माणूस घरी होता.