बुडबुडा

रंगनाथ निमसे, रक्तगट ओ पॉझिटिव्ह,
आडगाव नाक्यावर टायरचं दुकान,
दर तीन महिन्यांनी हजर, तारीख न चुकता.
आडवा होतो आणि म्हणतो,
ताई, नस डाव्या हाताची घ्या,
उजवा हात धंद्याचा.

ताप? नाही.
अंगदुखी? टायर उचलणाऱ्याला विचारताय?
हिमोग्लोबिन पंधरा, वजन अठ्ठ्याहत्तर.
फॉर्मच्या चौकटींत मी नाही, नाही, नाही लिहीत गेले
आणि त्यातला एकही नाही खोटा नव्हता.

पाच चाचण्या असतात आमच्याकडे.
पाचांची नावं मी झोपेतही सांगेन.
सहावी कुणी मागत नाही:
डासाने आणलेलं, ताप न आणणारं,
चार-पाच दिवस रक्तात मुक्काम ठोकून
बिल न भरता निघून जाणारं काही.

या पावसाळ्यात वरून पत्र आलं,
उरलेल्या नळ्या फेकू नका, गोठवा.
अभ्यास आहे. नावं नकोत, नुसते आकडे.
मग उणे ऐंशीच्या पेटीत मी
नाशिकची धडधाकट माणसं रांगेत उभी केली.
सातपूरचे फिटर, कॉलेजची पोरं,
एका मंडळाचे झाडून सगळे कार्यकर्ते,
चहा-बिस्कीट घेऊन, प्रमाणपत्राची सुरळी करून
केव्हाच घरी गेलेले.

मशीनच्या पडद्यावर रेघा सपाट धावतात.
एक रेघ तिसाव्या फेरीला वर उठली.
नाव नव्हतं.
पण त्या दिवशी माझं पेन बंद पडलं होतं
आणि हा आकडा मी त्याच्या मार्करने लिहिला होता,
टायरवर भाव टाकायचा, हिरवा.

पिशवीचं काय झालं ते रजिस्टर सांगतं.
लाल पेशी एका बाळंतिणीला.
प्लेटलेट डेंग्यूच्याच वॉर्डात,
अठरा वर्षांच्या कुणा मुलाला.
आगीवर आपण नक्की काय ओतलं
हे लिहायला रकाना नाही.
दोघंही बरे होऊन घरी गेले, एवढं लिहिलंय.
ते मी दोनदा वाचलं.

गंगेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं
की अख्खं गाव पुलावर येऊन बघतं.
पूर कुठवर आला, आम्हाला मोजता येतो.
पण बाटलीच्या झाकणाएवढं पाणी?
त्याला मारुती नाही.

रविवारी स्कूटर ढकलत नाक्यावर गेले.
पंक्चर नव्हतं. हवा मीच सोडली होती.

त्याने ट्यूब काढली, फुगवली,
घमेल्यात बुडवून हळूहळू फिरवली.
वरून सगळ्या चांगल्याच दिसतात, म्हणाला,
पाण्यात गेल्याशिवाय खरं बोलत नाहीत.
बुडबुडा आला नाही.
ठणठणीत आहे ताई, उगाच ढकलत आणलीत.

त्याच्या पाठीमागे ट्रकच्या टायरांची उतरंड,
प्रत्येकाच्या पोटात चंद्रकोरीएवढं पाणी.
त्यात बारीक काड्या वाकत, सरळ होत,
श्वासासाठी उलट्या वर येत होत्या.

काय सांगू?
नियम म्हणतो, काही नाही.
तुझ्या रक्तात जे उतरलं होतं ते कधीच गेलं,
येताना दार वाजलं नाही, जातानाही नाही.
मी म्हटलं, निमसे, हे टायर उलटे करा.
सगळे?
सगळे. आत्ता. मी धरते एका बाजूने.

बाराव्या टायरला माझी ओढणी भिजली.
तो हसत होता,
रक्तपेढीच्या ताईला महापालिकेत नोकरी लागली म्हणून.
पाणी तापल्या डांबरावर पसरलं,
काड्या जरा वेळ वळवळल्या.

हात पुसत तो कॅलेंडरकडे वळला,
माझी पुढची तारीख नोव्हेंबरात ना?
त्याच्या डाव्या कोपराच्या खोलगट जागी,
दर वेळी मी चाचपते त्याच नसेवर,
पांढऱ्या ठिपक्यांच्या पायांचा एक डास
फॉर्म न भरता बसला होता.

मी हात उचलला
आणि नेहमी म्हणते तसंच म्हणाले:
हलू नका.